एसी खोली गार करतो, हवा बदलत नाही

मे महिना लागला की मुंबईहून मंडणगडकडे येणाऱ्या टेम्पोंत चाकरमान्यांचे सामान चढते. गाद्या असतात, पंखे असतात, मुलांची जुनी सायकल असते. अलीकडे त्यात जुना एसीही दिसू लागला आहे. मुलाने मुंबईच्या खोलीत नवा घेतला, जुना चालू होता, टाकवेना, म्हणून गावी आईवडिलांसाठी पाठवला. किंवा कुठल्या ऑफिसचे सामान निघाले, त्यात स्वस्तात मिळाला. बौद्धवाडीत तो उतरतो, वायरमन नाहीतर शेजारचा हुशार पोरगा तो भिंतीवर चढवतो, आणि आठवड्याभरात आमच्याकडे विचारणा सुरू होते. ताई, पाणी गळते. ताई, कुबट वास येतो. ताई, बाळाला चालेल का?

आम्ही मेकॅनिक नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात ड्युट्या केल्या आणि आता वाडीवस्तीत आरोग्याचे काम करतो. पण वॉर्डात अशी यंत्रे रोज डोळ्यांसमोर असतात, आणि ती नीट नसली की काय होते तेही समोर दिसते. म्हणून आरोग्याच्या पानावर यावेळी एसी.

काही वाचक म्हणतील, ही श्रीमंतांची चैन, आपल्याला काय करायची? आम्हाला तसे वाटत नाही. पत्र्याखाली दुपारी अंथरुणाला खिळलेली आजी असेल, डायलिसिसवरचा माणूस असेल, हृदयाचे दुखणे असेल, नववा महिना भरत आलेली सून असेल, तर एक गार खोली ही त्या घराची गरज असते. ज्यांच्या घरात आहे त्यांनी लाजू नये आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी कर्ज काढू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आधी आपल्याकडचा उकाडा समजून घेऊ. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, आपल्याकडे ३५-३६ वर थांबतो. तरी जीव कासावीस होतो, कारण हवेत दमटपणा असतो. अंग गार राहते ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आतली उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात लोक भर दुपारच्या उन्हात तासन्‌तास बसले होते. पारा चाळीसच्या आतच होता, तरीही उष्माघाताने १४ जण दगावल्याची नोंद झाली. आपल्याकडे १४ एप्रिलला आंबडव्याला बाबासाहेबांच्या मूळ गावी माणसे लांबून येतात, त्यांत म्हातारीकोतारीही असतात. त्यांनीही हे लक्षात ठेवावे: कोकणात पारा कमी दिसला म्हणून धोका कमी नसतो.

याच कारणाने विदर्भात चालणारा पाण्याचा कूलर आपल्याकडे चालत नाही. कूलर पाणी वाळवून गारवा देतो. कोरड्या हवेत ते जमते. इथे दारेखिडक्या लावून कूलर सुरू केला की तासाभरात भिंती ओल्या आणि अंग चिकट. ज्यांनी घेतला आहे त्यांनी तो उघड्या खिडकीशी ठेवावा, नाहीतर पंखा बरा.

एसीचे काम वेगळे आहे. तो खोलीतली हवा ओढून गार नळ्यांवरून फिरवतो. गार तांब्याला जसे दव धरते तसे हवेतले पाणी त्या नळ्यांवर जमते, नळीवाटे बाहेर पडते, आणि सुकी गार हवा परत खोलीत येते. गंमत म्हणजे १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर या इंजिनिअरने हे यंत्र प्रथम आखले ते माणसांसाठी नव्हतेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून आखले. दमटपणा काढणे हाच त्याचा पहिला हेतू. म्हणूनच कोकणात एसीतून विदर्भापेक्षा पाणी फार पडते, दिवसाला काही लिटर. ते कुठे जाते याकडे पुढे येऊच.

आता ‘हवा ओढून परत खोलीत’ हे शब्द पुन्हा वाचा. पुष्कळ लोकांचा समज असतो की बाहेरचे युनिट बाहेरची ताजी हवा घेऊन आत पाठवते. तसे नाही. घरातल्या स्प्लिट एसीच्या आतल्या-बाहेरच्या भागांमध्ये तांब्याच्या नळ्या आणि वायर असतात, हवा जाण्यायेण्याचा मार्ग नसतो. खोलीतल्या सहा माणसांनी सोडलेला श्वासच गार होऊन त्या सहा माणसांकडे परत येतो. खिडकीत बसणाऱ्या एसीला हवा बदलण्याची छोटी झडप असते, पण गारवा जाईल म्हणून ती बहुधा बंदच ठेवलेली असते.

निरोगी घरात यामुळे सकाळी डोके जड होते, एवढेच. खोकला असलेल्या घरात मात्र हा जिवाचा प्रश्न होतो. क्षयाचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. एसीची जाळी धूळ अडवते, जंतू अडवत नाही. उन्हाळ्यात गावी येणारा माणूस मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेला असतो, दोन महिने खोकत असतो आणि ‘सिगारेटचा खोकला’ म्हणत असतो. पाहुणा म्हणून त्याला एसीच्या खोलीत झोपवतात. सोबत नातवंडेही तिथेच, कारण सगळ्यांना गार हवे. दार बंद, खिडकीच्या फटीत चिंधी कोंबलेली. क्षय पसरायला याहून सोयीची जागा आम्हाला सुचत नाही.

हवेच्या झोताने रोग कसा जातो याचे एक उदाहरण करोनाच्या सुरुवातीचे आहे. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. एकाला संसर्ग झालेला होता. पुढच्या दिवसांत त्याच्यासह तिन्ही कुटुंबांतले १० जण आजारी निघाले. ती टेबले एकाच एसीच्या झोतात होती आणि बाहेरची हवा आत येत नव्हती. करोना गेला असे आपण धरले तरी क्षय कुठेच गेलेला नाही.

म्हणून आमचा पहिला नियम यंत्राचा नाही, खिडकीचा आहे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बंद खोलीत एसी लावून सगळ्यांनी एकत्र झोपायचे नाही. खिडक्या उघड्या, पंखा सुरू. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्या, ती फुकट होते. औषधेही फुकट. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे खात्यात येतात. २०१८ पासून ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत माणसाकडून संसर्ग पसरणे खूप कमी होते. त्याला घराबाहेर काढायचे नाही, ताटवाटी वेगळी करायची नाही. बाटाबाटीचे काय दुःख असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त त्याची झोपायची जागा मोकळ्या हवेत, पडवीत किंवा खिडकीशी हवी. उकाडा सोसवत नसेल आणि त्याला एसी हवाच असेल, तर त्या खोलीत तो एकटा झोपेल.

ज्यांच्या घरात खोकला नाही त्यांनीही संध्याकाळी एसी लावण्याआधी आणि सकाळी उठल्याबरोबर दारेखिडक्या पंधरा-वीस मिनिटे सताड उघडाव्यात. रात्री खिडकीला दोन बोटे फट ठेवावी. थोडा गारवा जातो, जाऊ द्या. आणि एसीच्या बंद खोलीत शेगडी, कोळसा, धुराची उदबत्ती किंवा मच्छर कॉइल लावू नये. वीज गेली म्हणून जनरेटर पडवीत लावला तर त्याचा धूरही आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

बाळाचे विचारता, तर नवजात बाळाच्या खोलीचे तापमान २५ ते २८ अंश चालते. झोत बाळावर येता कामा नये. टोपी, मोजे, अंगभर कपडा हवा. बाळाचे हातपाय आणि पोट दोन्ही गार लागले तर एसी बंद करून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा. म्हाताऱ्या माणसांनाही थेट झोत नको. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना उष्णता लवकर बाधते, त्यांना दुपारची गार खोली आधी द्या. उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर त्याला एसीत नुसते निजवून वाट पाहू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत-जांघेत ओले फडके ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

आता यंत्राची निगा. एसीच्या दहा तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक मळलेल्या जाळीच्या असतात, आणि जाळी धुणे हे घरातले काम आहे, त्याला मेकॅनिक लागत नाही. मेन स्विच बंद करायचा. आतल्या युनिटचे पुढचे झाकण दोन्ही बाजूंनी वर उचलायचे. प्लास्टिकच्या दोन जाळ्या दिसतात, त्या हलकेच ओढून काढायच्या. नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडायचे म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. फार चिकट असेल तर साध्या साबणाचे पाणी. गरम पाणी नको, ब्रश घासायचा नाही, उन्हात वाळवायच्या नाहीत, त्या वाकड्या होतात. सावलीत पूर्ण वाळल्या की परत बसवायच्या. वाडीचा रस्ता मातीचा असेल, घरात चुलीचा धूर असेल तर दर पंधरा दिवसांनी, नाहीतर महिन्यातून एकदा. हे काम घरातल्या पुरुषांनीही शिकावे. जाळी धुवायला बाईचाच हात लागतो असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही.

जाळीच्या मागच्या पत्र्याच्या बारीक पात्यांना हात लावू नका. त्या धारदार असतात आणि बोटाने दबतात. ती सफाई आणि बाहेरच्या युनिटची धुलाई वर्षातून दोनदा जाणत्या माणसाकडून. आम्ही दिवस असे सांगतो: एकदा भीमजयंतीच्या आधी, एकदा आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो तेव्हा. तारखा डोक्यात राहत नाहीत, सण राहतात. बाणकोट, वेळासकडच्या खाडीकाठच्या गावांत खारा वारा बाहेरच्या युनिटची पाती खातो, ती पांढरी पडून भुगा होतात. तिथे बाहेरचे युनिट समुद्राच्या वाऱ्याच्या आडोशाला बसवावे आणि उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी, वीज बंद करून, गोड्या पाण्याने धुवावे. त्यावर गोणपाट टाकून झाकणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. चालू यंत्रावर गोणपाट म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या नाकातोंडावर हात. त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. वेली, सरपण, पाखरांची घरटी तिथून काढा.

गारवा येत नसेल तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी वॉर्डात पेशंट आला की करतो तशी विचारपूस करा. रिमोटवर ‘कूल’ आहे का, की चुकून ‘फॅन’ झाले? अंश किती? जाळी कधी धुतली? दार उघडे आहे का? बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो का? आतला वारा येतो पण बाहेर सगळे शांत असेल, किंवा बाहेर नुसता घूंऽ आवाज येऊन पंखा फिरत नसेल, तर बहुधा कॅपॅसिटर गेला आहे. हा भाग स्वस्तातला असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि ती जबर झटका देते. बाहेरच्या युनिटचे झाकण घरच्या कोणी उघडायचे नाही, कितीही हुशार पोरगा असला तरी.

नळीवर बर्फ धरला असेल तर एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, नळी फुटते. बर्फ धरण्याची कारणे दोन: जाळी चोंदली, किंवा गॅस कमी झाला. आणि इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते. ‘गॅस संपला, भरावा लागेल’ असे मेकॅनिक दरवर्षी सांगतो आणि आपण पैसे मोजतो. एसीतला गॅस सिलिंडरच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधून, सांधा पक्का करून, नळीतली हवा पंपाने ओढून मगच गॅस भरायचा असतो. नुसता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच. म्हणून विचारा, ‘दादा, गळती कुठे होती ते दाखवा.’ साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखवणारा मेकॅनिक सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

जुना एसी घेताना त्याच्या बाजूची पाटी वाचा. तिथे गॅसचे नाव असते. ‘आर-२२’ असेल तर तो ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या गॅसांपैकी आहे. १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार तो जगभर बंद होत आला असून भारतातही २०३० पर्यंत बंद व्हायचा आहे. तो भरायला महाग पडत जाणार, म्हणून असे यंत्र फुकट मिळाले तरी विचार करा. ‘आर-३२’ किंवा ‘आर-२९०’ असेल तर हे गॅस पेट घेऊ शकतात, त्यातही २९० म्हणजे प्रोपेनच. असा गॅस भरताना खोलीत चूल, दिवा, विडी काही नको, दारेखिडक्या उघड्या. खोलीत माणूस निजलेला असताना तर मुळीच नाही.

घरात पाणी गळते, या तक्रारीचे कारण कोकणात जवळपास नेहमी एकच असते: पाणी बाहेर नेणारी नळी शेवाळाने चोंदली, किंवा तिला उतार नाही, किंवा तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले. नळी सरळ उताराची ठेवा. तोंड चोंदले असेल तर बाहेरून सायकलच्या पंपाने हळूच हवा मारा. कुबट वास येत असेल तर आत बुरशी धरली आहे. ती दम्याच्या माणसाला त्रास देते. रात्री एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटे नुसता ‘फॅन’ चालवला तर आतला ओलावा वाळतो आणि वास बराच कमी होतो. जळका वास आला तर मात्र रिमोट शोधत बसू नका. आधी मेन स्विच.

त्या बादलीकडे वळू. एसीचे पाणी स्वच्छ दिसते, म्हणून बायका ते साठवतात, आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्यावर साठवणारच. फरशी पुसायला, झाडांना, संडासात टाकायला वापरा. पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. पण रोज रिकामी करा आणि बादली आतून घासा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात, म्हणून घासणे महत्त्वाचे. कूलरच्या टाकीलाही तेच. आठवड्यातला एक दिवस सगळी भांडी पालथी घालून कोरडा पाळा.

विजेचे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. देशाच्या विजेची आखणी करणाऱ्यांत ते होते, आणि आपल्या वाडीतली वायरिंग मात्र अजून एका बल्बच्या हिशेबाची आहे. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज ओढतो, दीड टनाचा दीड. पुष्कळ घरांचा मंजूर भारच तेवढा नसतो. महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्या. एसीला मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपिअरचा प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नये. बोर्ड तापतो, वितळतो आणि पत्र्याच्या घरात आग लागली तर बाहेर पडायला दार एकच असते. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर ती पुन्हा पुन्हा उचलू नका. ती सांगते आहे की दोष आहे. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे तर मरणाला आमंत्रण.

अर्थिंगबद्दल आपल्या तालुक्याची एक अडचण वेगळी. आपली जमीन जांभ्या दगडाची. उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी पडते आणि कोरड्या जांभ्यात वीज नीट उतरत नाही. म्हणजे नेमका एसी चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग निकामी. खड्डा खोल हवा, त्यात मीठ-कोळसा हवा, आणि एप्रिल-मेमध्ये दर दोन-चार दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतायला हवे. युनिटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘थोडा करंट मारतो’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवसापासून एसी बंद. जमले तर घराला आरसीसीबी बसवून घ्या, गळती होताच ती वीज तोडते.

कोणाला शॉक लागला तर त्याला आधी हात लावायचा नाही. मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास नसेल, नाडी लागत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून जोराने दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. हे विहारात एका रविवारी उशीवर शिकता येते. बोलवा, आम्ही येतो.

संध्याकाळी टोकाच्या वाड्यांत व्होल्टेज पडते. पंखा मंद झाला, ट्यूब लुकलुकू लागली की एसी बंद करावा, नाहीतर चांगला स्टॅबिलायझर लावावा. वीज जाऊन परत आली तर तीन-चार मिनिटे थांबून सुरू करावा. आणि सुरू केल्यावर लगेच कॉम्प्रेसरचा आवाज आला नाही तरी घाबरू नका, यंत्र स्वतःच तेवढे थांबते.

बिलाचे गणित साधे आहे. एक टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर पाच-सहा युनिट, महिन्याला दीडशेच्या पुढे. शंभर युनिट ओलांडली की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज साध्या एसीबाबत चुकीचा आहे. यंत्र जास्त वेळ चालते, एवढेच. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि दर एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २६ वर एसी आणि सोबत छताचा पंखा हळू, एवढ्यात कोकणातला माणूस सुखाने झोपतो, कारण त्याला थंडीपेक्षा कोरडेपणा हवा असतो.

पत्र्याच्या घरात मात्र आधी पत्र्याचे बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या आणि दापोली तालुक्यातली कौले-पत्रे उडाली, आणि मग पुष्कळ घरांवर कौलांच्या जागी पत्रेच चढले. जुने मातीचे, कौलारू घर दुपारी गार होते, हे तापते. पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना मारला तर उन्हाचा बराच भाग परत जातो. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर पालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांची छपरे पांढरी केली गेली. चुन्याचा खर्च एसीच्या एका दुरुस्तीहून कमी असतो. खालून थर्माकोल मात्र लावू नका, तो भडकन पेटतो.

एक गोष्ट तरुणांसाठी. टोकाच्या वाडीत मेकॅनिक यायला टाळाटाळ करतो, आला तर येण्याचेच पैसे लावतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, दहावीनंतर घेता येतो, मुलींनाही. वाडीतली एक मुलगी हे शिकली तर तिच्या हाताला काम लागेल आणि दहा वाड्यांची सोय होईल.

आता पाऊस येईल. त्याआधी वळवाच्या विजा चमकू लागल्या की एसीचा मेन बंद करून प्लगही काढून ठेवा. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास एसी मिटवताना जाळी धुऊन वाळवा, अर्धा तास नुसता पंखा चालवून आतला भाग सुकवा, रिमोटचे सेल काढा. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर झुरळे, किडे आत चढतात. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत उंदीर वायर कुरतडतात आणि पाली आतल्या सर्किटवर जाऊन बसतात, त्यांचा जीव जातो आणि यंत्रही. म्हणून आश्विनात परत सुरू करताना थेट बटण दाबू नका. आधी झाकण उघडून, बॅटरी लावून आत बघा.